घासाघीस

ग्योर्लिट्समध्ये, नायसे नदीच्या अलीकडे,
गोटहोल्ड रीचेल ब्रश बनवतो.
बीचच्या लाकडाला भोकं,
भोकात घोड्याचे केस,
मागून तारेची एक घट्ट ओढ.

"वेबसाइटचे किती?"
बटाटे कसे दिले, असं विचारावं तसं त्यानं विचारलं.
मी म्हटलं, असं एकदम नाही सांगता येत.
"मला येतं," तो म्हणाला.
"या कपड्यांच्या ब्रशला एकशे अठ्ठ्याऐंशी भोकं.
भोकाला पंधरा सेंट, लाकडाचे वेगळे.
तुमच्या वेबसाइटला भोकं किती?"

त्याच्याच पुडीच्या कागदावर मी मोजायला बसले.
पानं पाच.
चाळीस ब्रशांचे फोटो, प्रत्येकाची पार्श्वभूमी कापून.
टोपली, पैसे भरायची खिडकी,
फोनवर तेच सगळं पुन्हा, अंगठ्याच्या मापानं.
शिवाय कुणीच वाचत नाही ते कायद्याचं पान,
ते नसलं की मात्र वकिलाचं पत्र
बरोब्बर वाचून येतं.
माझा विमा. माझा कर.
आणि ज्या महिन्यात फोन वाजतच नाही
त्या महिन्याचा वाटा.
हा शेवटचा मी कागदावर लिहिला नाही,
तासांत मिसळला,
कणकेत मीठ मिसळावं तसा.

दोन हजार तीनशे चाळीस.

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला.
आकडा तेवढाच राहिला.
"पूल ओलांडला की पोलंड,
तिथला पोरगा निम्म्यात करतो.
आणि माझा भाचा तर एका शनिवारात,
दोन पिझ्झांवर."

माझ्या जिभेवर एक वाक्य तयार होतं:
प्लास्टिकचा ब्रशही तीन युरोला मिळतोच की, रीचेलसाहेब.
मागे एका पाववाल्यावर ते लागू पडलं होतं.
पण माझ्या न्हाणीघरात तोच ब्रश आहे,
तीन युरोचा, निळा.
मी गिळलं ते वाक्य.

"आणि नावाचं भाडं," मी म्हटलं, "दरवर्षी."
"माझ्या नावाचं?"
"तुमच्या नावाचं."
"नाही भरलं तर?"
"मग ते दुसऱ्या कुणालाही घेता येतं."

तो खिडकीबाहेर बघत राहिला.
बाहेर एक बाई सायकलला कुलूप लावत होती.
"एडेलट्राउटची जागा वीस वर्षांची आहे," तो म्हणाला.
"अकरा राहिली.
पण तिथे निदान एकदाच भरायचे होते."

नंतर पेन्सिल घेऊन तो यादीवरून खाली आला,
भोकं तपासावीत तसा, नखानं.
'आमच्याविषयी' या पानाशी थांबला.
"हे काढलं तर किती कमी?"
"एकशे ऐंशी."
बराच वेळ पेन्सिल कागदावर टेकलेली.
"राहू दे. रिकामं ठेवा. मग स्वस्त पडेल ना?"

मला खरं सांगावं लागलं:
रिकामं पान चुकून राहिल्यासारखं दिसू नये,
म्हणून त्याला जास्त वेळ लागतो.
तो हसला. पहिल्यांदाच.
दात त्याच्या धंद्याला न शोभणारे.
"मग लिहू काहीतरी," म्हणाला. "आमच्याविषयी."

एक तृतीयांश आगाऊ दिले.
नोटा दोनदा मोजल्या, बोट ओलं करून.
त्यातून सदतीस युरो वजा,
त्याबदली तो कपड्यांचा ब्रश, पुडीत बांधून.
मी नको म्हणायच्या आत पावतीसुद्धा फाडली.

रात्री दिव्याखाली बसून मी भोकं मोजली.
एकशे शहाऐंशी.
पुन्हा मोजली, सुई लावून, ओळीओळीनं.
एकशे शहाऐंशी.

फोटो कापायला मी अकरा तास लावले होते.
आठात होतात.

सकाळी काळ्या कोटावरून ब्रश फिरवला.
छान चालतो.